कूलर माळ्यावर टाकू का? (आणि सोलापुरात शरद आला हे ओळखायचं कशावरून)

विजापूर_रोडकर | ४ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

नमस्कार मंडळी,

प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून तीन पक्ष पडलेत. कूलर माळ्यावर टाकायचा की नाही?

बायको म्हणते, गणपती गेले, पितृपक्ष निम्मा झाला, घट बसायच्या आत घर काढायचंय आणि हा हत्ती हॉलचा कोपरा अडवून बसलाय. आई म्हणते, दुपारी पाठीवरून घामाच्या धारा लागल्यात आणि तुम्हाला कूलर काढायचं सुचतंय? वडील ७६ वर्षांचे. पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "स्वाती लागू दे." नक्षत्राचं नाव घेतलं, त्यावर पुढं एक शब्द नाही.

गंमत अशी की कूलर लावूनही उपयोग शून्य. मे महिन्यात ४२-४३ अंशाला हाच कूलर पांघरूण घ्यायला लावत होता. आत्ता मोबाईल ३४ दाखवतोय आणि कूलरपुढं बसलं की ओल्या पोत्यात गुंडाळल्यासारखं होतंय. घरभर गवताचा कुबट वास. मीठ बरणीतच पाझरलंय. काल देवापुढं दिवा लावायला काडेपेटीतल्या सात काड्या गेल्या, आठवी पेटली.

गेल्या वर्षी मी घाई केली होती. मेव्हण्याला बोलावून कूलर चढवला, आठ दिवसांनी पुन्हा उतरवला. उतरवताना कंबर धरली ती दिवाळीचं उटणं लागेपर्यंत सुटली नाही.

तर जाणकारांनी सांगावं. हा दुसरा उन्हाळा संपला हे तुम्ही कशावरून ओळखता? कॅलेंडर मला पण वाचता येतं, ते नको. डोळ्याला दिसणारी, हाताला लागणारी खूण सांगा.

पुणेरी_जावई | ४ ऑक्टोबर, दुपारी ३:४१

पण सोलापुरात दोनच ऋतू असतात ना? उन्हाळा आणि कडक उन्हाळा. कडक भाकरीसारखा.

शेंगाचटणी | ४ ऑक्टोबर, दुपारी ३:५५

जावईबापू, हा विनोद माझ्या लग्नाच्या पंगतीत एकानं केला होता. माझा मुलगा आता दहावीला आहे.

अव्वाचा_नातू | ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१०

काढू नका बे एवढ्यात. आमची अव्वा म्हणायची, चैत्राचं ऊन पाठीला लागतं, आश्विनाचं डोक्यात जातं. आज सात रस्त्यावर सिग्नलला दोन रिक्षावाले निष्कारण भांडूलाले होते. दोघांच्या रिक्षा एकमेकीला लागल्या पण नव्हत्या. ती आश्विनाची खूण.

विजापूर_रोडकर | ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२२

@अव्वाचा_नातू, भांडणं हीच खूण मानली तर आमच्या घरी आश्विन बाराही महिने आहे.

मोजमाप | ४ ऑक्टोबर, रात्री ९:३०

कूलर मे मध्ये चालतो आणि आत्ता चालत नाही यात कूलरचा दोष नाही. कूलर म्हणजे ओलं गवत आणि पंखा. गवतातलं पाणी हवेत उडताना उष्णता घेऊन जातं म्हणून हवा गार होते. हवेतच आधी पाणी भरलेलं असेल तर नवीन पाणी उडणार कुठं?

घरी करून बघा. साध्या तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा. तो जिथं थांबेल त्याच्या खाली तुमचा कूलर कधीच जाऊ शकत नाही. हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर तो साधारण साडेअठ्ठावीसला थांबतो. तेच ३४ अंश पण आर्द्रता ३५ टक्के असेल तर साडेबावीसपर्यंत उतरतो. पारा तोच, फरक सहा अंशांचा. म्हणून मोबाईलवर ३४ बघून काही कळत नाही.

आता हे होतं का? सोलापुरावर सूर्य बरोबर माथ्यावर वर्षातून दोनदा येतो, मे च्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. दुसऱ्या वेळी ढग असतात म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. सप्टेंबरच्या २२-२३ ला सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला जातो, म्हणजे ऊन खरं तर कलायला लागलेलं असतं. पण त्याच सुमाराला ढग हटतात, वारा पडतो आणि जमीन पावसानं भिजलेली असते. आपल्याकडे तर सप्टेंबर हाच सगळ्यात पावसाचा महिना. ओली जमीन तापते, वाफ वर येते, आपण त्या वाफेत शिजतो. ज्याला आपण ऑक्टोबर हीट म्हणतो ती ही.

हवामान खात्याच्या हिशेबानं मान्सून १७ सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून माघारी फिरतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत देशातून जातो. या सरासरी तारखा. आपला नंबर शेवटी-शेवटी येतो.

माझं उत्तर: ज्या दिवशी कूलर पुन्हा गार हवा मारायला लागेल, त्या दिवशी पाऊस गेला समजा.

विजापूर_रोडकर | ४ ऑक्टोबर, रात्री ९:४८

म्हणजे कूलर चालायला लागला की काढायचा आणि चालत नाही तोवर ठेवायचा? हे बायकोला कसं सांगू?

शेंगाचटणी | ४ ऑक्टोबर, रात्री ९:५२

सांगू नका. दिवाळीच्या तोंडावर कशाला.

धोटा_कांडी | ५ ऑक्टोबर, पहाटे ५:१५

आत्ताच पाळी सुटली. वाचून हसू आलं, कारण मोजमाप सर जे सांगतात ते आम्हाला तापमापकाशिवाय कळतं.

मी पूर्व भागात यंत्रमागावर आहे, टेरी टॉवेलच्या. टॉवेलला दोन बीम, म्हणजे सुताचे रूळ, लागतात, एक खालच्या कापडाचा आणि एक वरच्या लूपचा. म्हणजे तुटायला दुप्पट सूत. पावसाळ्यात सूत मऊ असतं, हवेतली ओल पिऊन बसलेलं. सबंध पाळीत ताणा, म्हणजे उभं सूत, दोन-तीनदा तुटला तर तुटला. एकटा चार माग बघतो आणि वर चहा पण पितो. हवा कोरडी झाली की कापसाचं सूत ठिसूळ होतं. एका पाळीत दहा-बारा वेळा माग थांबतो. थांबला की वाकायचं, तुटलेलं टोक शोधायचं, फणीतनं ओवायचं, गाठ मारायची, परत चालू. आम्हाला मीटरवर मजुरी. माग उभा राहिला की पैसा पण उभा राहतो.

म्हणून कोरड्या दिवसांत आम्ही शेडमध्ये फरशीवर पाणी मारतो, कोपऱ्यात पोती भिजवून टाकतो. वडील जुन्या मिलमध्ये होते. ते सांगायचे, तिथं हवेत पाण्याचा बारीक फवारा मारायची यंत्रं होती. बाहेरनं आलेल्या माणसाला वाटायचं कामगारांसाठी गारवा केलाय. तो सुतासाठी होता.

आज रात्री ताणा दोनदाच तुटला. पाऊस अजून गेलेला नाही. कूलर राहू द्या.

अव्वाचा_नातू | ५ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

धाग्यावरचा पहिला खरा धागेवाला. मानलं.

हस्तबहार | ५ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

शरद म्हटलं की पिक्चरमध्ये पानगळ दाखवतात. आमच्याकडे पानगळ होत नाही, करावी लागते.

डाळिंबाचे बहार तीन. आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग जून-जुलैत आणि हस्त सप्टेंबर-ऑक्टोबरात. बहार धरायचा तर आधी झाडाला पाण्याचा ताण द्यायचा, मग इथ्रेल फवारून पानं गाळायची, छाटणी, खत आणि मग पाणी. झाडाला वाटतं मरणच आलं आणि ते घाबरून फुलावर येतं. हस्त बहाराचं फळ फेब्रुवारीनंतर निघतं, भाव बरा मिळतो, कोरड्या थंडीत वाढतं म्हणून तेल्या रोगाचा त्रास कमी. कागदावर सगळं झकास आहे. पण ताण द्यायचा कसा? झाड कोरडं पाडायला घेतलं की वरनं हस्ताचा पाऊस. मी मागच्या महिन्यात फवारा मारला, पानं पिवळी पडली, खाली अंथरूण झालं, बघायला फार सुंदर. त्याच संध्याकाळी धो-धो पाऊस. थोड्याच दिवसांत कोवळी पालवी हजर, फुलाचा पत्ता नाही.

रोडकर, तुमचा प्रश्न कूलरचा आहे, माझा दीड एकराचा.

बोस्टनवासी | ५ ऑक्टोबर, रात्री १०:१५

मूळची मी रेल्वे लाईन्सची. इथं आत्ता मेपल लालभडक झालेत, लोक गाड्या काढून पानं बघायला जातात. ऑफिसात कोणी विचारलं की तुमच्याकडे या दिवसांत कसं असतं, तर मी सांगते घाम येतो. पुढं काय सांगावं कळत नाही. तुमची हस्त बहाराची पोस्ट मी नवऱ्याला वाचून दाखवली. "पानं पडायला औषध मारतात?" हे त्यानं तीनदा विचारलं.

नान्नजकर | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

@बोस्टनवासी, पुढच्या वेळी सांगा की आमचा शरद झाडावर नसतो, गवतात असतो.

नान्नजच्या माळरानावर या दिवसांत या. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं ते हेच. माळढोक दिसेल असं मी कोणाला सांगत नाही, ते दिवस गेले. पण गवत बघा. ऑगस्टमध्ये हिरवं, सप्टेंबरअखेर गुडघ्याएवढं, आणि मग वरनं रंग उतरायला लागतो. आधी शेंडा तांबूस, मग सगळा माळ पिकल्या केसांसारखा. त्यावर पहिली खूण पायाला लागते. कुसळं. हिरव्या गवतात चाललं तर पँट ओली होते, पिकल्या गवतात चाललं की मोज्यात कुसळं शिरतात. कालच्या फेरीत डाव्या मोज्यातनं चौदा काढली, उजव्यात ओल होती. माळ निम्मा पिकलाय.

दुसरी खूण पक्ष्यांची. धोबी आला की नाही बघा. शेपटी वर-खाली हलवत गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी चालतो तो. तो हिमालयाकडनं येतो. माळावर भोवत्या येतात, लांब पंखांचे शिकारी, गवताला घासून उडतात आणि रात्री गवतातच उतरतात. मी आत्तापर्यंत एक धोबी पाहिला, भोवत्या एकही नाही.

भोरड्या मात्र आल्यात. संध्याकाळी अक्कलकोट रस्त्याला थवा बघितला, धुरासारखा वळत होता.

भीमाकाठ | ६ ऑक्टोबर, दुपारी १:००

भोरड्यांचं कौतुक शहरातल्या माणसांनी करावं. ज्वारी हुरड्यात आली की मी माचाणावर गोफण घेऊन बसतो, तेव्हा या बघायला.

नान्नजकर | ६ ऑक्टोबर, दुपारी १:२०

दादा, तीच भोरडी नाकतोडे पण खाते. पण तुमच्या रानात मी वाद घालणार नाही.

भीमाकाठ | ६ ऑक्टोबर, दुपारी १:५५

नाकतोडे फुकट खाते आणि मजुरी ज्वारीत घेते. असो.

मंगळवेढ्याच्या बाजूला आमची जमीन आहे, काळी, खोल. इथले बरेच जण उन्हाला शिव्या घालतायत म्हणून लिहितो. आम्ही या उन्हाची वाट बघत बसलोय. मालदांडी ज्वारी पेरायची ती १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात. त्यासाठी वापसा लागतो. वापसा म्हणजे माती ओली पाहिजे पण चिकटायला नको. मूठभर उचलायची, दाबायची, लाडू झाला पाहिजे आणि वरनं सोडला की फुटला पाहिजे. फुटला नाही तर घरी जायचं. आज सकाळी मी तीन ठिकाणी लाडू केले. एक फुटला, दोन तसेच पडले, थप्प.

पेरल्यावर या ज्वारीला पाऊस नसला तरी चालतो. ती खालच्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर येते. थंडीत वरनं जमीन भेगाळते आणि खाली हात घातला तर गार लागते, त्या गारव्यावर कणीस भरतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या मातीमुळं. तुमची कडक भाकरी, जावईबापू, याच उन्हातनं निघते.

२०२० च्या १४ ऑक्टोबरला काय झालं ते पंढरपूरकडच्या माणसांना विचारा. बंगालच्या उपसागरातनं वादळ आलं, एका रात्रीत सगळं पाणी. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेनं माढा-मोहोळकडची रानं धुवून नेली, नुसतं पीक नाही, मातीच. त्यामुळं ऊन पडलंय ना, पडू दे. अजून दहा दिवस पडू दे.

पुणेरी_जावई | ६ ऑक्टोबर, दुपारी २:१०

शब्द मागे घेतला. हुरड्याला बोलवा.

जुना_सोलापूरकर | ६ ऑक्टोबर, रात्री ८:४०

आमच्या वेळी असं नव्हतं. दसऱ्याला स्वेटर लागायचा. सीमोल्लंघनाला जाताना आई मफलर बांधायची.

शेंगाचटणी | ६ ऑक्टोबर, रात्री ८:५५

काका, तुमची आई मे महिन्यात पण मफलर बांधत असणार. माझी बांधायची.

मोजमाप | ६ ऑक्टोबर, रात्री ९:२०

दसरा काही वर्षी सप्टेंबरअखेर येतो, काही वर्षी ऑक्टोबर निम्मा उलटल्यावर. यंदा अधिक ज्येष्ठ होता म्हणून सगळे सण लांबले. दसऱ्याच्या आठवणीवरून थंडी मोजली तर तीन आठवड्यांची गफलत होते.

जुना_सोलापूरकर | ६ ऑक्टोबर, रात्री ९:३१

मफलरची गफलत नाही. फोटो आहे.

वैद्यांची_सून | ७ ऑक्टोबर, सकाळी १०:००

आयुर्वेदात शरद हा पित्ताचा काळ मानलाय. पावसाळ्यात साठलेलं पित्त या उन्हानं उफाळतं. सासरे या दिवसांत आंबट, तिखट, तळलेलं बंद करतात. आणि एक सुंदर कल्पना आहे, हंसोदक. दिवसा सूर्यानं तापलेलं, रात्री चंद्रानं निववलेलं आणि अगस्तीच्या उदयानं निर्मळ झालेलं पाणी. भाद्रपदात पहाटे दक्षिणेला खाली ठळक चमकतो तो अगस्ती. माझ्या सासऱ्यांची खूण तीच: अगस्ती स्वच्छ दिसला की पावसाची पाठ फिरली.

अव्वाचा_नातू | ७ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

आमच्या नळाला पाणी चार दिवसांनी येतं. ते सूर्यानं पण तापतं, चंद्रानं पण निवतं, टाकीत चार दिवस असतंच की. घरोघरी हंसोदक.

कोकणातली_सोलापूरकर | ७ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

पित्तावर आमसुलाचं सार करा, दोन दिवसांत उतार.

शेंगाचटणी | ७ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

इथं आमसूल मिळतं किराणा दुकानात, पण दुकानदार आधी विचारतो, "घरी कोण आजारी हाय का?" आम्ही ताकवाले. ज्वारीची आंबील, त्यात ताक, वर लसूण ठेचून. आणि तिखट बंद म्हणे. चटणी बंद केली तर मला इथला आयडी बदलावा लागेल.

रात्रपाळी_एसटी | ८ ऑक्टोबर, रात्री ११:५०

मी पहाटेची पहिली गाडी काढतो, अक्कलकोट बाजूची. माझी खूण काचेवर. पावसाळ्यात काच बाहेरनं पावसानं भिजते. थंडी यायला लागली की पाऊस नसताना भिजते. दव. आभाळ मोकळं असेल तर रात्री पत्रा लवकर निवतो आणि त्यावर पाणी धरतं. डेपोत गाडी लावली की कंडक्टर बोटानं काचेवर श्रीराम लिहितो, त्याला अक्षर उमटलं की हंगाम बदलला. आज उमटलं नाही, नुसती धूळ निघाली.

पूर्वभागवाली | ११ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

चार दिवस इथं फिरकता आलं नाही, घरात पाहुणे. काल अमावस्येला आमची बतुकम्मा सुरू झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही पद्मशाली, तेलंगणातनं आलेले विणकर, पाच-सहा पिढ्यांचे सोलापूरकर. भाद्रपद अमावस्येपासनं अष्टमीपर्यंत बायका फुलांचे थर रचून बतुकम्मा करतात, भोवती फेर धरतात, शेवटी पाण्यात सोडतात. देव मूर्तीचा नाही, फुलांचाच.

रोडकरांनी हाताला लागणारी खूण विचारली म्हणून लिहिते. बतुकम्माला खरी फुलं दोन, तंगेडू आणि गुनुगू. मराठीत तरवड आणि कुर्डू. दोन्ही कोणी लावत नाही, पाऊस सरताना माळावर, बांधावर आपोआप येतात. तरवड हळदीसारखा पिवळा. कुर्डूचं पांढरं-गुलाबी कणीस असतं, ते आम्ही रंगात बुडवतो. आई म्हणायची, कुर्डू मुठीत दाबून बघ. ओल असेल तर मऊ दबतो आणि रंग नीट घेत नाही, पसरतो. वाळत आला असेल तर हातात खरखर वाजतो आणि रंग कडेपर्यंत चढतो. काल माझा रंग पसरला. गुलाबी केला तो ओघळून ताटात उतरला, बोटं अजून गुलाबी आहेत.

लहानपणी होटगी रस्त्याला चालत जाऊन पिशवीभर तरवड आणायचो. आता तिथं प्लॉट पडलेत. बाजारात जुडी विकत घेतली, निम्मी झेंडूची भर.

नान्नजकर | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:१५

ताई, तरवड यंदा उदंड फुललाय. अभयारण्यातनं तोडता येत नाही, पण त्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला रांगच आहे. अष्टमीच्या आधी फेरी आहे माझी, पिशवीभर आणतो. धोटा_कांडी तुमच्याच भागात आहेत, त्यांच्याकडं ठेवतो.

धोटा_कांडी | १२ ऑक्टोबर, पहाटे ५:२०

ठेवा. तसं पण आमच्या मालकिणीला लागणारच आहेत. निम्मी आमची.

ताणा: चार वेळा.

विजापूर_रोडकर | १४ ऑक्टोबर, रात्री ८:१०

आज संध्याकाळी साडेचारला आभाळ फुटल्यासारखं झालं. दुपारपर्यंत कडक ऊन, तीनला पश्चिमेकडं फुलकोबीसारखे ढग, मग वारा, मग विजा. वीस मिनिटांत गुडघाभर पाणी आणि लाईट गेली. बायकोनं नवरात्रासाठी धुतलेल्या गोधड्या गच्चीवर होत्या. आई खिडकीत बसून शांतपणे म्हणाली, "आता म्हण कूलर काढू." वडील म्हणाले, "चित्रा."

हस्तबहार | १४ ऑक्टोबर, रात्री ८:४५

इकडंही. मी बहाराचा नाद सोडला, आता सरळ आंबे बहार. खरं सांगायचं तर मोकळं वाटलं.

भीमाकाठ | १४ ऑक्टोबर, रात्री ९:०५

परवाच पेरलं होतं. वरनं चिखल बसला, आता पापुद्रा धरला की कोंब आत मुडपतो. तीन दिवसांत ऊन कडक पडलं आणि वारं सुटलं तर वाचेल. आता कोणी उन्हाला नावं ठेवली तर बघा.

बोस्टनवासी | १५ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

सॉरी, विषयांतर. काल आईला फोन केला होता तेव्हा मागं विजांचा आवाज येत होता. तिनं बोलता बोलता फोन खिडकीबाहेर धरला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून दोन मिनिटं सोलापूरचा पाऊस ऐकला.

रात्रपाळी_एसटी | १९ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

श्रीराम उमटला. पूर्ण नाही, "श्री" पर्यंत.

पूर्वभागवाली | १९ ऑक्टोबर, रात्री १०:३०

@नान्नजकर, तरवड मिळाला. थर इतका उंच झाला की जावेनं आणि मी दोघींनी धरून नेला. कुर्डूनं रंग धरला. ताटात एक थेंब नाही.

भीमाकाठ | २१ ऑक्टोबर, सकाळी ११:००

उगवण झाली. बारा आणे. नांगी भरायला, म्हणजे मोकळ्या जागी परत बी टाकायला लागेल, पण झाली. काल दसऱ्याला रानातच नारळ फोडला. लाडू सगळीकडं फुटतोय.

अव्वाचा_नातू | २१ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

सात रस्त्यावर आज दोन रिक्षावाल्यांची खरोखर टक्कर झाली आणि दोघं हसून निघून गेले. नोंद घ्यावी.

विजापूर_रोडकर | २६ ऑक्टोबर, दुपारी १२:४५

काल कोजागरी. दरवर्षी म्हणतो आणि राहतं, यंदा गेलो. सोलापूर ते तुळजापूर चालत. पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. देवी दसऱ्यानंतर निद्रेला जाते ती पौर्णिमेला जागी होते, तिच्या दर्शनाला सगळा रस्ता माणसांनी भरलेला.

दुपारी निघालो तेव्हा डांबर चपलेतनं लागत होतं. मेव्हण्यानं टोपीत ओला रुमाल ठेवला होता, तो दर अर्ध्या तासानं भिजवायचा. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, मोजमाप सरांमुळं. रुमाल डोक्याला गार लागत होता. चांगलाच गार. तीन आठवड्यांपूर्वी हाच रुमाल नुसता चिकटायचा. ऊन तेवढंच होतं, घाम मात्र दिसेना, येतोय तोवर वाळतोय. कपाळावर मिठाची रेघ. ओठ फुटले.

तामलवाडीच्या पुढं, रात्रीचे अडीच-तीन झाले असतील, चहाच्या मंडपात बसलो. चंद्र एवढा की सावली पडत होती. गर्दीतही अंगावरनं एक झुळूक गेली आणि मेव्हणा म्हणाला, "शाल आणायला पाहिजे होती." दुपारी टोपीत रुमाल भिजवणारा माणूस. बाकावर हात ठेवला तर ओला. मला वाटलं चहा सांडलाय. सगळेच बाक तसे होते.

सकाळी एसटीनं परत आलो. घरात शिरलो तर हॉल थंडगार, पडदे ओढलेले, आई कूलरपुढं चादर घेऊन झोपलेली, आपली सोलापुरी चादर, गळ्यापर्यंत. बायको म्हणाली, "परवापासनं काय झालंय त्याला कुणास ठाऊक, नव्यासारखा मारतोय." वडिलांकडं बघितलं. पेपर खाली केला आणि म्हणाले, "लागली स्वाती."

मोजमाप | २६ ऑक्टोबर, दुपारी १:१०

वडिलांना नमस्कार सांगा.

भीमाकाठ | २६ ऑक्टोबर, दुपारी १:३०

पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती म्हणतात. आता मी त्या पावसाची वाट बघणार. एकच सर पाहिजे. रोडकर, रागावू नका.

धोटा_कांडी | २७ ऑक्टोबर, पहाटे ५:१८

ताणा अकरा वेळा. फरशीवर पाणी मारायला सुरुवात केली. काढा कूलर.

विजापूर_रोडकर | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:००

काढतोय. उद्या संध्याकाळी सहाला. एक माणूस कमी पडतोय, मेव्हण्याच्या पायाला फोड आलेत. कोणी येतंय का? कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही.

नान्नजकर | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

भोवत्या आलेत. उद्या माळावर आहे.

हस्तबहार | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

पंढरपूरहून कूलर उचलायला येऊ?

अव्वाचा_नातू | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:३२

उद्या आमच्याकडं पाणी सुटायचा वार हाय बे. घर सोडता येत नाही.

पुणेरी_जावई | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

मी उद्या सासुरवाडीलाच आहे, जुळे सोलापूर. येतो. पण दही नको, रात्री आता गारठा असतो.